टीममध्ये एक 'आधी यादी करू' आणि दुसरा 'का नाही?'... मधल्याने काय करायचं?

गूळपोळी_उद्या | सोम, रात्री ११:४८

लोकहो, बरीच वर्षं वाचनमात्र आहे, आज राहवत नाहीये म्हणून धागा काढतोय. लांबण लागणार आहे, चहा घेऊन बसा.

आमची छोटी कंपनी आहे पुण्यात, माझ्या टीममध्ये आठ जण. साखर कारखान्यांसाठी सिस्टीम करतो, म्हणजे उसाची नोंद, तोडणी प्रोग्राम, काटा (गाड्यांचं वजन), आणि शेवटी ऊस बिल. जुनी सिस्टीम चौदा वर्षांची झाली, तिला ठिगळं लावून लावून आता मूळ कापड कुठलं तेच कळत नाही, म्हणून नवीन लिहितोय. ऑगस्ट चालू आहे, दिवाळीच्या आगेमागे मोळी पडणार (गाळप सुरू होणार), म्हणजे हातात जेमतेम अडीच महिने.

तर टीममध्ये दोन सीनियर. एक ताई आहेत, वय ४६, त्यांना ऑफिसात सगळे प्रेमाने (आणि कधी कधी प्रेमाशिवाय) यादीताई म्हणतात. कुठलंही काम आलं की पहिलं वाक्य "आधी यादी करू". दुसरा २७ वर्षांचा पोरगा, त्याचं नाव पडलंय 'कानाही', कारण काहीही सांगा, उत्तर "का नाही?" दोघं कामात तयार आहेत, एकाला काढून दुसऱ्याला ठेवा असा सल्ला कृपया देऊ नका.

अडलंय ते काट्यावर. ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी, भरलेली गाडी येते, तिचं वजन होतं, मग ती गव्हाणीकडे (जिथे ऊस गाळपाला टाकतात) जाऊन रिकामी होते, परत येऊन रिकाम्या गाडीचं वजन होतं, दोन्हीतला फरक म्हणजे ऊस. मध्ये एक तास जातो, कधी चार तास जातात. आता या मधल्या वेळात नेट गेलं आणि भरलेलं वजन १ नंबरच्या काट्यावर झालं होतं आणि रिकामी गाडी २ नंबरवर आली तर? दोन काट्यांची तोंडं एकमेकांकडे नाहीत. आणि ऊस आल्यापासून १४ दिवसात एफआरपी (सरकारने ठरवलेला उसाचा किमान दर) द्यायचा कायदा आहे, वजनात घोळ म्हणजे बिलात घोळ, आणि बिलात घोळ म्हणजे शेतकरी आमच्या नाही तर कारखान्याच्या ऑफिसात, आणि कारखाना आमच्या बोकांडी.

यादीताईंचं म्हणणं, आहे ते टेबल ठेवा, दोन कॉलम वाढवा, प्रत्येक काट्याच्या पीसीवर स्थानिक कॉपी ठेवा, नेट आलं की जुळवा. सोबत २३ केसेसची यादी, कुठली केस आली तर काय करायचं. कानाहीचं म्हणणं, मुळात जोडी लावायचीच कशाला, प्रत्येक वजन ही स्वतंत्र नोंद धरा, ती कधी खोडायची नाही, बदलायची नाही, जोड्या मागाहून लावा, आणि मग दुरुस्त्यासुद्धा त्याच पद्धतीने नवीन नोंद म्हणून येतील.

तीन तास मीटिंग. शेवटी मी वैतागून म्हटलं, निम्मं हे घ्या निम्मं ते घ्या. हा माझा आयुष्यातला सर्वात वाईट निर्णय असावा (लग्नातला बँडवाला सोडून). ताई त्या दिवसापासून गप्प. पोराने शनिवार-रविवार जागून दोन हजार ओळी लिहून टाकल्या, कुणाला न विचारता. ताईंनी त्यावर कोड तपासताना, रिव्ह्यूत, ६१ कॉमेंट टाकल्या, त्यातल्या चाळीसेक फक्त नावांवर, हे व्हेरिएबल असं का लिहिलं, ते तसं का. त्याने प्रत्येक कॉमेंटखाली 'ओके' लिहिलं. ६१ वेळा. तेव्हापासून दोघं एकमेकांशी माझ्यामार्फत बोलतात, एकाच खोलीत बसून.

प्रश्न असा की हे स्वभावाचं भांडण आहे, का विचार करायच्या पद्धतीचं, आणि मी नेमकं काय करू?


तळ्यात_मळ्यात | सोम, रात्री ११:५९

आमच्याकडे ही दोन्ही माणसं एकाच देहात आहेत. सोमवारी यादी करतो, शुक्रवारी यादी फाडतो. त्यालाच आम्ही आर्किटेक्ट म्हणतो.

(हलके घ्या. वाचतोय, पॉपकॉर्न घेतलेत.)


चष्मिष्ट | मंगळ, सकाळी ९:१२

@गूळपोळी, तुम्ही लिहिलंय ते वाचून हसू आलं, कारण हा नमुना पुस्तकातून उचलल्यासारखा आहे. मायकेल कर्टन नावाचा ब्रिटिश मानसशास्त्रज्ञ होता, त्याने १९७६ मध्ये एक प्रश्नावली मांडली, केएआय म्हणतात तिला, ३२ बाबी, गुण ३२ ते १६०. कमी गुण असलेल्याला तो अ‍ॅडॅप्टर म्हणतो, जास्तवाल्याला इनोव्हेटर. नावावरून वाटतं की एक जुनाट आणि दुसरा हुशार, पण त्याचा सगळा जोर नेमका याच्या उलट आहे. दोघंही प्रश्न सोडवतात, दोघंही नवीन काढतात. फरक एवढाच की अ‍ॅडॅप्टर आहे त्या चौकटीचा आधार घेऊन आत सुधारणा करतो, आणि इनोव्हेटरला उत्तर शोधता शोधता चौकटच हलवाविशी वाटते. कोण किती हुशार हा प्रश्नच वेगळा, तो या मापात येत नाही.

आता यातलं तुमच्या कामाचं. एकमेकांपासून लांब असलेली माणसं एकमेकांना कशी दिसतात बघा. इनोव्हेटरला अ‍ॅडॅप्टर दिसतो तो कारकुनी वृत्तीचा, भित्रा. अ‍ॅडॅप्टरला इनोव्हेटर दिसतो तो बेजबाबदार, सगळं विस्कटून पळून जाणारा. म्हणजे मतभेद टेबलाच्या डिझाईनवर असतो आणि ऐकू येतो तो चारित्र्यावर. ताईंना 'जोडी लावायचीच कशाला' हे ऐकू आलं असणार 'तुमची चौदा वर्षं फुकट गेली' असं. पोराला २३ केसेसची यादी ऐकू आली असणार 'तुला काट्यातलं काय कळतं' अशी.

अजून एक, कर्टन म्हणतो माणूस आपल्या शैलीच्या बाहेर वागू शकतो, पण ते दमवतं. तुम्ही 'निम्मं निम्मं' म्हणालात तेव्हा दोघांनाही दमणूक दिलीत आणि कुणालाच स्वतःची गोष्ट दिली नाहीत. राग मानू नका.


खडूस_टेस्टर | मंगळ, सकाळी १०:०५

आला, मानसशास्त्राचा डबा आला.

काय आहे ना, आम्हाला एकदा लोणावळ्याला नेलं होतं, टीम बिल्डिंग. सकाळी मिसळ, दुपारी ती माणसांचे सोळा स्वभाव-प्रकार पाडणारी टेस्ट (मायर्स-ब्रिग्ज), संध्याकाळी प्रत्येकाच्या गळ्यात चार अक्षरांची पाटी. पुढे तीन महिन्यांनी दुसऱ्या मॅनेजरने तीच टेस्ट परत घेतली, माझी दोन अक्षरं बदलली. मी तोच, बायको तीच, बग तेच. हे फक्त माझंच नाही, त्या टेस्टवर हीच जुनी टीका आहे की परत दिली की बऱ्याच लोकांचा प्रकार बदलतो. पण तोवर एका पोरीला 'ही भावनाप्रधान आहे, हिला क्लायंट कॉलला नको' म्हणून वर्षभर बाजूला ठेवलं होतं. पाटी अशी चिकटते.

माझं म्हणणं, शैली-बिली राहू दे, मीटिंगमध्ये कोण किती बोललं ते मोजा. २०१० मध्ये 'सायन्स' या नियतकालिकात अ‍ॅनिटा वुली आणि तिच्या सहकाऱ्यांचा पेपर आला होता, ६९९ माणसं, दोन ते पाच जणांचे गट. गटाची कामगिरी गटातल्या सर्वात हुशार माणसाच्या बुद्धीशी फारशी जुळेना. जुळली ती दोन-तीन गोष्टींशी, त्यातली एक म्हणजे बोलायची पाळी सगळ्यांना सारखी येते का, आणि दुसरी म्हणजे समोरच्याच्या चेहऱ्यावरून त्याच्या मनातलं ओळखता येतं का. गूळपोळी, तुमच्या तीन तासांत बाकीचे पाच जण किती बोलले? तुम्ही लिहिलेलंच नाही. आठ जणांची टीम म्हणता आणि गोष्टीत तीनच माणसं आहेत.


गूळपोळी_उद्या | मंगळ, दुपारी १:३०

@खडूस_टेस्टर, बोललात ते लागलं. खरंच आठवत नाहीये बाकीचे बोलले का. आमची एक टेस्टर आहे, २४ची, ती काहीतरी वहीत लिहीत होती एवढं आठवतंय.

@चष्मिष्ट, मला वाटलं मी तोडगा काढला :(


काटेकोर_काकू | मंगळ, दुपारी ३:४१

मी तुमची यादीताई आहे. म्हणजे तुमच्या ऑफिसातली नव्हे, पण २२ वर्षं हेच केलंय आणि मलाही अशीच नावं पडली, एका कंपनीत तर 'स्पीडब्रेकर काकू'. तोंडावर नाही, ग्रुपवर, चुकून माझ्याच ग्रुपवर आलं तेव्हा कळलं.

एक सांगते. एका बँकेच्या डेटा मायग्रेशनला होते, नाव नको. तिथे एक असाच हुशार मुलगा आला, सगळं नव्याने मांडलं, सुंदर होतं खरंच, मी आजही म्हणेन सुंदर होतं. आठ महिन्यांनी तो बंगलोरला गेला. पुढची सहा वर्षं ३१ मार्चला रात्री मी त्या सुंदर कोडशेजारी बसलेली असायचे. त्यामुळे जेव्हा कुणी म्हणतं 'का नाही', तेव्हा माझ्या डोळ्यासमोर ३१ मार्च येतो. त्याला भीती म्हणा, मी त्याला स्मरणशक्ती म्हणते.

आणि ते ६१ कॉमेंटचं. ताई नावांवर भांडत नव्हत्या हो. मुख्य मुद्द्यावर बोलायचा दरवाजा तुम्ही 'निम्मं निम्मं' म्हणून लावून घेतलात, मग त्याने परस्पर लिहूनही टाकलं, त्यांच्या हातात उरलं काय? व्हेरिएबलची नावं. माणूस जिथे ऐकलं जातं तिथे बोलतो.


बेळगावकर_तात्या | मंगळ, संध्याकाळी ६:२०

काकूंना अनुमोदन. यादीची चेष्टा करणाऱ्यांसाठी नासाचं मंगळावरचं ते यान आठवा, मार्स क्लायमेट ऑर्बिटर, २३ सप्टेंबर १९९९ ला गेलं ते गेलंच. कंत्राटदाराचं जमिनीवरचं सॉफ्टवेअर पाउंड-सेकंदात आकडे देत होतं, नासाचं सॉफ्टवेअर ते न्यूटन-सेकंद समजून घेत होतं, साडेचार पटीच्या आसपास फरक. एकक कुठलं, हा यादीतला एक टिंब आहे हो. एक टिंब.

पण त्यातली खरी गंमत पुढे आहे, आणि ती मला आमच्या यादीवाल्या जातीविरुद्ध सांगावी लागतेय. मार्ग हुकतोय अशी शंका दिशा बघणाऱ्या लोकांना आधीच आली होती. त्यांनी ती बोलून दाखवली, पण ठरलेल्या फॉर्ममध्ये रीतसर नोंदवली नाही, म्हणून ती पुढे सरकलीच नाही. म्हणजे यादी होती, फॉर्म होता, आणि 'काहीतरी वास येतोय' म्हणणाऱ्या माणसाला त्या फॉर्ममध्ये रकाना नव्हता.


उडता_पतंग | मंगळ, रात्री ९:०८ (आइंडहोव्हन)

इथे कानाहीची बाजू कोणीच घेत नाहीये म्हणून लॉगिन केलं.

तात्या, तुमच्या यानाला माझं रॉकेट. एरियान ५, ४ जून १९९६. दिशादर्शकाचं सॉफ्टवेअर एरियान ४ वरून जसंच्या तसं उचललं, कारण चालतंय ना, हात कशाला लावा. एरियान ५ जास्त जोरात निघतं, एक ६४ बिटचा आकडा १६ बिटमध्ये मावेना, उडाल्यावर जेमतेम ३७ सेकंदांत दिशादर्शकाने मान टाकली, राखीव होता त्यानेही टाकली कारण त्यातही तोच कोड, आणि पुढच्या दोन-तीन सेकंदांत रॉकेटच्या चिंध्या. वर कडी म्हणजे तो कोडचा तुकडा उड्डाणानंतर लागतच नव्हता, एरियान ४ च्या गरजेपोटी चालू ठेवलेला होता. तिथे एका माणसाने 'हे अजून चालू का ठेवलंय' एवढं विचारायला हवं होतं. 'का नाही' चा सख्खा भाऊ आहे तो प्रश्न.

आता शनिवार-रविवार जागून कोड लिहिण्याबद्दल. मी हे केलंय, पुण्यात असताना दोनदा. उद्धटपणा होता का, होता. पण मीटिंगमध्ये माझ्यासारख्याचं काय होतं सांगतो, मला कल्पना आधी पूर्ण दिसते, शब्द मागून येतात, आणि पहिल्या वाक्यालाच समोरून 'पण' येतो. पण नेट गेलं तर, पण लाईट गेली तर. प्रत्येक 'पण' बरोबर असतो, आणि दहा बरोबर 'पण' एकत्र आले की कल्पना मरते, ती कशी दिसते हे कुणी बघायच्या आधीच. कोड लिहून दाखवला की निदान बघतात तरी.

आणि एक गोष्ट इथे येऊन कळली. ज्याला तुम्ही विचारशैली म्हणताय त्यात निम्मं वय आहे. ४६ आणि २७. पुण्यात मी माझ्या लीडला 'सर, हे चुकतंय' म्हणायला तीन दिवस लावायचो आणि शेवटी मेल टाकायचो, तेही 'एक छोटी शंका' असं विषयात लिहून. इथे माझी साठीतली सहकारी मला मीटिंगमध्ये म्हणते 'तुझं डिझाईन मला पटत नाही', आणि बारा वाजता आम्ही एका टेबलावर थंड सँडविच खातो. इथलं सगळं छान आहे असं नाही, त्या सँडविचबद्दल मी वेगळा धागा काढीन. पण ६१ 'ओके' म्हणजे नम्रता नव्हे हो, ती शिवी होती. मोठ्या माणसाला द्यायची तीच एक पद्धत आपल्याकडे उपलब्ध आहे.


काटेकोर_काकू | मंगळ, रात्री १०:१५

@पतंग, 'दहा बरोबर पण' हे मी लिहून ठेवलंय. मी तुझ्यासारख्या एकाचे किती 'पण' ने जीव घेतले असतील कोण जाणे. पण (हा बघ, आलाच) एरियानचा तुझा मुद्दा अर्धाच आहे. त्या कोडमध्ये सात आकडे धोक्याचे होते, चार जपले होते आणि तीन तसेच सोडले होते, प्रोसेसरवर भार नको म्हणून. ते तीन का सोडले, एरियान ४ ला चालतं ते ५ ला चालेल का, ही यादी पुन्हा तपासली असती तरी वाचलं असतं. तिथे दोन्ही जातींची माणसं झोपली होती.


रात्रपाळी | मंगळ, रात्री ११:५२

मी कंप्युटरवाला नाही म्हणजे थोडा आहे, सांगली भागात एका कारखान्यात ईडीपीत (कंप्युटर विभागात) होतो नऊ हंगाम, त्यातले चार हंगाम काट्यावर रात्रपाळी काढली. तुमचं सगळं वाचलं, रॉकेट बिकेट, भारी आहे. पण दोघांनीही म्हणजे तुमच्या ताईंनी आणि त्या पोराने काटा बघितलाय का?

रात्री दोन वाजताचं सांगतो. जानेवारीची थंडी. यार्डात ट्रॅक्टर उभे, मागे दोन दोन ट्रॉल्या, बैलगाड्या वेगळ्या रांगेत, ड्रायव्हर मफलर गुंडाळून शेकत बसलेले. नेट गेलं. काट्याचा आकडा समोरच्या डब्यावर लाल दिसतोय, तो कंप्युटरात येत नाहीये. तुम्हाला वाटतं क्लार्क काय करेल? सिस्टीम चालू व्हायची वाट बघेल? मागे साठ गाड्या, पहिला हॉर्न वाजला की सगळे वाजवतात.

आम्ही खडू ठेवायचो. भरलेलं वजन घ्यायचं, आणि बाहेर येऊन ट्रॉलीच्या फाळक्यावर खडूने मोठ्ठं लिहायचं. गाडी रिकामी होऊन कुठल्याही काट्यावर येऊ दे, आकडा गाडीसोबत आलेला असतो. तिकडचा क्लार्क फाळका बघून दोन्ही वजनं रजिस्टरला लिहितो, सकाळी ईडीपीत मी ते भरायचो. चार हंगामात घोळ झाला तो दोनदा, एकदा ड्रायव्हरने फाळक्याला टेकून पाठीने पुसला, आणि एकदा दोन ट्रॉल्यांचे फाळके अदलाबदल झाले होते गॅरेजमध्ये आणि मागचा आकडा पुसलेलाच नव्हता.

दोघांना एक रात्र काट्यावर बसवा. आता हंगाम नाही खरंय, पण काटा बंद नसतो, साखरेच्या ट्रका जातात, मळीचे टँकर जातात, भंगारसुद्धा काट्यावरूनच जातं. क्लार्क तोच असतो.


खडूस_टेस्टर | बुध, सकाळी ८:३०

धाग्याचं उत्तर आलं. बाकीच्यांनी आता घरी जायला हरकत नाही.


चष्मिष्ट | बुध, सकाळी ९:४०

@रात्रपाळी, हे फार भारी आहे. आणि @खडूस, माझ्या डब्यावर हसलात तरी एक जोडतो. दोन लांबच्या शैलीची माणसं एकमेकांकडे बघून बोलत राहिली की अंतर वाढतंच. दोघांनी मिळून बघायला तिसरी गोष्ट समोर हवी. खडू ही तिसरी गोष्ट आहे.

गूळपोळी, जाण्याआधी एक करा, दोघांना वेगवेगळं, एकमेकांना न दाखवता, कागदावर लिहायला सांगा की काट्यावर काय बघणार. आम्ही कामाचे अंदाज देताना पत्त्यांनी तेच करतो, सगळ्यांनी आकडा पालथा ठेवायचा आणि एकदम उलटायचा, म्हणजे पहिला बोलला त्याच्या आकड्याभोवती बाकीचे फिरत नाहीत. आणि कागद आठ हवेत, दोन नव्हेत.


तळ्यात_मळ्यात | बुध, सकाळी ९:५५

अवांतर: लग्नातल्या बँडवाल्याचं काय झालं होतं?


गूळपोळी_उद्या | रवि, रात्री १०:३७

अपडेट देतो. बँडवाल्याचं नंतर.

गुरुवारी संध्याकाळी निघालो, मी, ताई, कानाही आणि ती टेस्टर मुलगी. तिला का नेलं, तर आठ कागद आले त्यात तिचा वेगळा होता. ताईंच्या कागदावर १४ मुद्दे, पोराच्या कागदावर एक चित्र आणि एक प्रश्नचिन्ह, बाकीच्यांचे मोघम. तिच्या कागदावर तीन रकाने होते: 'ताई म्हणतात', 'तो म्हणतो', 'दोघांना एकच म्हणायचंय का'. मीटिंगमध्ये वहीत हेच लिहीत होती. आणि तिसऱ्या रकान्यात नऊपैकी सहा ठिकाणी 'हो' लिहिलं होतं. मी प्रवासात ते वाचलं आणि काही बोललो नाही, खंबाटकी घाट उतरेपर्यंत.

काट्यावर रात्री नऊ ते दोन बसलो. साखरेच्या ट्रका होत्या, एक मळीचा टँकर. क्लार्क पन्नाशीतले, चष्मा दोऱ्याने बांधलेला. ताईंनी विचारलं, नेट गेल्यावर काय करता, त्यांनी काही न बोलता ड्रॉवर उघडला. खडू होता! म्हणजे रात्रपाळी, तुमच्या कारखान्यापासून शंभर किलोमीटरवर तीच पद्धत.

पोरगा बराच वेळ त्या खडूकडे बघत बसला आणि मग म्हणाला, "जोडी गाडीसोबत फिरते." ताई लगेच म्हणाल्या, "आणि पुसली तर?" मला वाटलं झालं, सुरू झालं परत. पण तो म्हणाला, "तेच, पुसली तर काय काय होतं सांगा ना." आणि ताईंनी तिथेच, जुन्या वजनपावतीच्या मागे, यादी सुरू केली. हरवली, भिजली, दोन गाड्यांची अदलाबदल, एका ट्रॅक्टरच्या दोन ट्रॉल्या वेगवेगळ्या रिकाम्या झाल्या, ड्रायव्हर बदलला. सात झाल्या. आठवी क्लार्कने सांगितली, गाडी रिकामी होऊन परत आलीच नाही, थेट फडावर गेली, दुसऱ्या दिवशी भरूनच आली. ही ताईंच्या २३मध्येही नव्हती आणि पोराच्या कोडमध्येही नव्हती.

आता असं ठरलंय की भरलेल्या वजनाची पहिली पावती काट्यावरच छापायची, नेट असो नसो, तिच्यावर क्यूआर, त्या कोडातच वजन, वेळ, गाडी नंबर सगळं. दुसऱ्या काट्याला नेट नसलं तरी स्कॅन करून जोडी लागते. आतमध्ये पोराची पद्धत, वजनं खोडायची नाहीत, नवीन नोंद टाकायची. बाहेरून ताईंचं टेबल, कारण ऊस बिलाचा अर्धा कोड त्याच्यावर उभा आहे आणि तो या हंगामात हलवायचा नाही. ऐकायला हे परत निम्मं निम्मं वाटतं, पण यावेळी ते मी ठरवलेलं नाही.

सगळं गोडगोड झालंय असं समजू नका. शुक्रवारी सकाळीच ताईंनी विचारलं की या फील्डचं नाव कुणी बदललं. त्याने 'ओके' लिहिलं नाही, उठून त्यांच्या टेबलापाशी गेला. काय बोलले ऐकू आलं नाही, चारेक मिनिटं होता. आणि मोळीपर्यंत होईल का, माहीत नाही, क्यूआरचा प्रिंटर धुळीत टिकतो का तेच अजून बघायचंय.

मला आता वेगळाच प्रश्न पडलाय. ऑक्टोबरमध्ये अ‍ॅप्रेझल आहे. फॉर्ममध्ये रकाने काय, तर किती बग शोधले, किती केसेस लिहिल्या, ऑटोमेशन किती टक्के. त्या मुलीने या महिन्यात बग कमी शोधले, कारण ती तीन रकान्यांची वही करत होती. मी ज्या कामाचा पगार घेतो ते काम ती करत होती आणि मला ते तीन आठवडे दिसलं नाही. हे फॉर्ममध्ये कुठे लिहू?


चष्मिष्ट | रवि, रात्री ११:०२

कर्टनच्या भाषेत ती ब्रिजर. दोन टोकांच्या मधे असणारी, दोघांची भाषा समजणारी. बहुतेक ठिकाणी असं एखादं माणूस असतं आणि ते सोडून गेल्यावरच कळतं की होतं. 'अन्य' नावाचा रकाना असेल तर तिथे लिहू नका, तो कोणी वाचत नाही.


काटेकोर_काकू | रवि, रात्री ११:२०

फॉर्मच्या बाहेर लिहा. तुमच्या वरच्याला मेल टाका, त्यात तिचं नाव, तारीख आणि ती आठवी केस कशी सापडली ते. वहीच्या पानाचा फोटो जोडा. आकडा मागतील, तर सांगा २३ केसेस आणि दोन हजार ओळींत जे नव्हतं ते एका रात्रीत मिळालं. आणि तिला विचारा, तिला हे काम करायचंय का. नाही तर पुढची दहा वर्षं प्रत्येक भांडणात तिलाच मधे बसवाल आणि ती टेस्टिंगही विसरेल. मला बसवलं होतं.


उडता_पतंग | सोम, पहाटे ४:१० (इथे रात्रीचे पावणेएक)

ताईंच्या टेबलापाशी चार मिनिटं. पोराला माझ्यातर्फे एक वडापाव.


रात्रपाळी | सोम, सकाळी ६:४५

आत्ताच वाचलं. क्लार्कने ड्रॉवर उघडला तिथे दोनदा वाचलं.

एकच सांगतो गूळपोळी साहेब, क्यूआर चांगलाय, करा. पण खडूचा खर्च बजेटात धरा आणि प्रत्येक काट्यावर एक बॉक्स ठेवा. डिसेंबरात पहाटे दव पडतं, ड्रायव्हर पावती खिशात ठेवत नाही, टोपीत खोचतो. कागद ओला होतो.